काठावरचा पाटा

माझ्या भाचसुनेला एक सवय होती. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना ती उंबऱ्याशी क्षणभर थांबायची, दोन्ही हातांनी साडी घोट्यांच्या वर उचलायची आणि ओट्यापाशी पोचली की सोडून द्यायची. वैशाखात लग्न झालेलं, साडीची सवय नसेल, असं मला आधी वाटलं. पण अंगणात, गच्चीवर, पुढच्या खोलीत ती साडीत आरामात वावरायची. उचलायची ती फक्त त्या एका उंबऱ्याशी.

एकदा मी विचारलंच. "काहून गं, साडी काहून उचलतेस? फरशी ओली आहे काय?"

ती दचकली. तिनं खाली पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत होती. "पता नहीं आत्या," ती म्हणाली, "मला तर कळलं पण नाही मी उचलली म्हणून." तिचं मराठी असंच, निम्म्या वाटेवर हिंदीत उतरणारं. मग ती हसली आणि चहा टाकायला गेली, पण जाताना साडी उचललेलीच होती.

मी तशी भित्री बाई नाही. रेल्वेच्या ऑफिसात जन्म गेला. तिथं जिवंत माणसांनीच इतकं छळलं की भुतांना घाबरायला सवड मिळाली नाही. नवरा गेल्यापासून सदर मोहल्ल्यात एकटी राहते, आणि घरात खुडबुड झाली तर आधी उंदराचा पिंजरा लावते. पण त्या दिवशी चहा पिताना माझी नजर सारखी त्या उंबऱ्याकडे जात राहिली. निघताना घसा कोरडा पडला होता, तरी पाणी घ्यायला मी आत गेले नाही.

ते घर माझ्या थोरल्या भावाचं. दादा फॅक्टरीतून रिटायर झाला आणि होतं नव्हतं ते सगळं घालून त्यानं ते तळ्याकाठी बांधलं. आमच्या जबलपुरात निम्म्या मोहल्ल्यांच्या नावात ताल, म्हणजे तळं, आहे आणि पाण्याचा थेंब नाही. ऑटोवाल्याला तालावर ने म्हटलं तर तो 'हओ दीदी' म्हणून खुशाल भाजीबाजारात उतरवून देतो. आमचं तळं मात्र अजून होतं. पूर्ण नाही, पण होतं. आमच्या आजोबांच्या वेळी फॅक्टरीतली मराठी माणसं त्याच्याजवळ भाड्यानं राहायला आली, मग त्यांनी प्लॉट घेतले, गल्ली झाली. अधूनमधून कोणीतरी तळ्यात मलबा टाकून जायचं. सकाळी उठावं तर काठ जरासा पुढं गेलेला. कोण टाकतं हे विचारायला कोणीच गेलं नाही, कारण मलबा पडला की जागा होत होती, आणि जागा सगळ्यांनाच हवी होती.

या गल्लीची एक रीत होती. हरतालिकेला बायका नर्मदेच्या वाळूची गौर करतात, रात्र जागवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती तळ्यात शिरवतात. शिरवायच्या आधी गौर ठेवायची ती काठावरच्या एका फुटक्या पाट्यावर. मसाला वाटायचा साधा दगडी पाटा, त्याचा एक कोपरा गेलेला. त्या पाट्याला हात लावायचा तो फक्त त्या वर्षी लग्न होऊन गल्लीत आलेल्या सुनेनं. तिनं सकाळी एकटीनं पुढं जायचं, पाटा धुवायचा, हळद-कुंकू लावायचं, मग बाकीच्यांनी ताट घेऊन जायचं. पाटा जागचा हलवायचा नाही, हलवला तर व्रत मोडतं. मी या गल्लीची लेक. लग्न होऊन मी दुसरीकडे गेले, म्हणून त्या पाट्याला माझं बोटही कधी लागलं नाही.

दादानं घर बांधायला काढलं तेव्हा नगर निगमच्या ऑफिसचा माणूस पाहणीला आला होता. नियम तेव्हाही होताच. तळं पूर्ण भरलं की पाणी जिथं पोचतं तिथून ठरावीक अंतर सोडायचं, त्या पट्ट्यात पक्कं काही बांधायचं नाही. भरल्या तळ्याचा काठ कुठं आहे, असं त्यानं विचारलं, आणि सगळ्या गल्लीनं एका तोंडानं पाटा दाखवला. दर भाद्रपदात पाणी इथंच टेकतं, आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या इथंच गौर ठेवतात, असं सगळ्यांनी सांगितलं. त्यात खोटं कोणीच बोललं नाही. पाट्यापासून मोजलं तर दादाचा प्लॉट नियमात अगदी चोख बसत होता.

यंदा उन्हाळ्यात नोटीस आली. तळ्याची हद्द नव्यानं आखणार होते. भाद्रपदात पाणी भरल्यावर येऊन मोजणार, आणि जे घर पट्ट्यात येईल ते पाडणार. गल्लीत दोन-तीन दिवस चुली थंड पडल्यासारखं झालं. दादा तेवढा निवांत होता. "पाटा आहे ना," तो म्हणायचा. "माणसं खोटं बोलतील, दगड कशाला बोलेल?"

पण घर मला बरं दिसत नव्हतं. झाडताना स्वयंपाकघराच्या केरात रोज बारीक शिंपले निघायचे, तांदळाएवढे, पांढरे. भर वैशाखात पिठाच्या डब्यामागे बेडूक बसलेला असायचा, आणि खिडक्यांना तर जाळ्या होत्या. मागच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर ओलीची एक रेघ होती, पाणसळ लावून आखावी तशी सरळ. दादा दर दिवाळीला त्यावर रंग मारायचा, आणि रंग वाळायच्या आत ती वर यायची. दुपारी चटईवर आडवं झालं की जमिनीखालून चुबुक, चुबुक असा आवाज यायचा, नाव बांधून ठेवली असेल तर येतो तसा. मी वहिनीला म्हटलं, ऐक. ती म्हणाली, "पाइप असेल हो ताई," आणि टीव्ही मोठा केला.

माझी वहिनी म्हणजे बडबडी, हसरी बाई. कमानिया गेटला बांगड्या घ्यायला गेली तर दुकानदाराशीच नातं जोडून येईल. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. शिंपले? फरशीखाली नर्मदेची वाळू घातली, त्यातले. बेडूक? नालीतून येऊन राहिले. भिंत? गवंडी चोर होता. मला कधीकधी तिचा राग यायचा. इतकी उत्तरं माणसाकडे असू नयेत.

हरतालिकेला मी दरवर्षीप्रमाणे माहेरी गेले. यंदा गल्लीत लग्न होऊन आलेली सून एकच, आमचीच. दुपारी सगळ्या बायका दादाकडे जमल्या. पुढच्या खोलीत चौरंग मांडला, वाळू चाळून गौर करायला घेतली. निर्जळी उपासानं सगळ्यांचे चेहरे उतरले होते, तरी थट्टा चालू होती. सडकेपलीकडच्या काकू, गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, कानानं कमी आणि तोंडानं तिखट, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

वहिनी सुनेला समजावत होती. "सकाळी तू एकटी पुढं जाशील, पाटा धुशील, मग आम्ही येऊ. अन् ऐक, तुला एक गंमत सांगते." तिनं आवाज बारीक केला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच. "चिखल असला तर पाटा जरासा पुढं सरकवून घे, पाण्याशी ठेव. मी माझ्या वर्षी तसंच केलं होतं. नव्या शालूची वाट लागली असती नं."

बायका खो-खो हसल्या. शेजारची म्हणाली, "अगोबाई, तुम्ही पण? मी समजून राहिली होती, मी एकटीच पापी!"

"मी तर उचलूनच नेला होता," तिसरी म्हणाली. "लांब नाही, थोडासाच. सासूला अजून माहीत नाही."

सासू तिथंच बसली होती. ती म्हणाली, "सासूनं पण तेच केलं होतं बाई," आणि हसण्याची आणखी एक लाट आली. मग एकेक जण बोलू लागली. प्रत्येकीनं तेच सांगितलं. काठ जरा दूर गेला होता, मधे चिखल होता, साडी नवी होती, आजूबाजूला कोणी नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं की इतक्या वर्षांत आपण एकटीनंच पाटा हलवला, आणि तोही थोडासाच.

मीही हसत होते. हसता हसता मी ते थोडं-थोडं मनात एकापुढं एक मांडत गेले, आणि माझं हसू थांबलं. बाकीच्याही मनात तेच मांडत असाव्यात. वाळू चाळणारीचा हात चाळणीवर तसाच राहिला होता.

मी काकूंच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं, "काकू, तुमच्या वर्षी पाटा कुठं होता?"

"चिंचेपाशी," काकू म्हणाल्या.

"चिंचेच्या पलीकडं, तळ्याच्या बाजूला?"

"पलीकडं काहून? पलीकडं तर पाणी होतं, डुबून नसती मेली मी? अलीकडं. सडकेच्या बाजूनं. चिंचेच्या मुळ्या पाण्यातच राहत. आम्ही फांदी धरून उतरत होतो."

चिंच सगळ्यांनाच आठवत होती. दादानं घर बांधताना ती तोडली. बुंधा काही केल्या निघेना, म्हणून त्यावरच सिमेंट ओतलं, आणि वर स्वयंपाकघराचा ओटा आला. सगळ्या जणी उंबऱ्यापलीकडे ओट्याकडे बघत होत्या, आणि ओट्यापाशी, मघाशीच आत गेलेली आमची सून एका हातानं साडी अजून उचललेलीच धरून फुलं निवडत उभी होती.

दादा बाहेरच्या दारात केव्हा येऊन उभा राहिला होता कोण जाणे. त्यानं सगळं ऐकलं होतं. "उद्या सकाळी साहेब येऊन राहिले," तो म्हणाला. "या गोष्टी या खोलीच्या बाहेर जायच्या नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"दादा, पण मग काठ खरा कुठं..." मी म्हटलं.

"खरं काय ते मला नको सांगू. घर खरं आहे. या वयात मी हिला घेऊन कुठं जाऊ?"

मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी कीवही आली. तो उद्धट माणूस नाही. बायकांनीही माना डोलावल्या. त्यांचीही घरं याच गल्लीत होती. गौर पुरी झाली, पूजा झाली, जागरणही झालं, पण गाणी कोणी म्हटली नाहीत. पाऊस लागला होता, आणि सगळ्या जणी पुढच्या खोलीत एकमेकींना धरून बसल्यासारख्या बसून राहिल्या. वहिनी मात्र सारखी उठून स्वयंपाकघराकडे जायची आणि दारातूनच परत यायची. एकदा म्हणाली, "तुम्ही सगळ्या जरा पडा ना, मी आहे जागी." व्रताच्या रात्री कोण झोपणार? कोणी हललं नाही.

उजाडल्यावर सून पाटा धुवायला निघाली. स्वयंपाकघरातून मागच्या दारानं ती बाहेर गेली. तिच्या पावलांचा आवाज आला, छप, छप, छप. आवाज अंगणातून नाही, आतूनच येत होता. मी वहिनीकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

आम्ही ताट घेऊन उठणार, तेवढ्यात ती परत आली. कोपरापर्यंत हात चिखलात माखलेले, पाटा पोटाशी धरलेला. छप, छप करत ती ओट्यापासून उंबऱ्यापर्यंत आली आणि खाली वाकून तिनं पाटा उंबऱ्याला लावून ठेवला.

"आई, तुम्ही म्हणालात ना पाण्याशी ठेव म्हणून," ती धापा टाकत म्हणाली. "बाहेर तर पाटा पूरा डूब गया था. मी हातानं शोधून काढला. किनारा तो यहाँ है."

आम्ही पाहिलं. सगळ्या स्वयंपाकघरात पाणी होतं. गटारीचं नाही, पावसाचं गढूळही नाही. स्वच्छ, थंड, तळ दिसणारं पाणी, फरशीच्या सांध्यांतून आवाज न करता वर येणारं. ओट्याखाली ते घोटाभर होतं, आणि उंबऱ्याशी, पाटा होता तिथं, उतार संपावा तसं संपत होतं. त्यावर अगदी बारीक लाटा होत्या. वारा कुठंच नव्हता.

बाहेर गाडी थांबली. दादाचा आवाज ऐकू आला. "आइए साहब, पीछे से चलिए, पत्थर दिखाता हूँ." घराशेजारच्या बोळातून तो साहेबाला आणि त्याच्या दोन माणसांना मागं घेऊन गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आम्हाला सगळं दिसत होतं. मागच्या अंगणात पाणी शिरलं होतं. "ये तो रात की बारिश का है," दादा सांगत होता, "उतर जाएगा. असली किनारा पत्थर पर है. हमारा पत्थर कभी नहीं हिलता." मग तो पाण्यात उतरला, कमरेत वाकला आणि दोन्ही हातांनी चिखल चाचपू लागला. साहेब तरुण होता, छत्री धरून उभा होता. दादा एकदा इकडे सरकला, एकदा तिकडे. पांढरा सदरा पाठीला चिकटला होता. "यहीं था साहब," तो म्हणत होता. "एक मिनट. यहीं था."

मला ते बघवेना. सुनेलाही बघवलं नसावं. तिनं वाकून पाट्याला पुन्हा हात घातला. "आई, बाबांना नेऊन देते मी. पीछे के दरवाज़े से रख देती हूँ, किसी को पता नहीं चलेगा."

ते सहज जमलं असतं. साहेबाची पाठ वळली असती, दादाच्या हाताला पाटा लागला असता आणि घर वाचलं असतं. आम्ही सगळ्या जणी वहिनीच्या तोंडाकडे बघत होतो. ती खिडकीतून नवऱ्याकडे बघत होती.

"राहू दे," वहिनी म्हणाली.

ती पाण्यातून चालत मागच्या दारापर्यंत गेली आणि तिनं दार पूर्ण उघडलं. "साहब, अंदर आइए. पत्थर यहाँ है."

साहेब दारात आला आणि खाली बघून थबकला. त्याच्यामागून दादा आला, हातांवरून चिखल गळत होता. "हे काय करून राहिली तू?" तो ओरडला. "अगं, घर जाईल आपलं!"

"जाऊ दे," ती म्हणाली. "मी रोज पुसून राहिले. तुम्ही उठायच्या आधी, रोज. आधी पावसाळ्यातच येत होतं, मग थंडीतही, आता तर उन्हाळ्यातही येतं. बादल्याच्या बादल्या मोरीत ओतते अन् मग तुमचा चहा टाकते. आज बायका जाग्या होत्या, पुसता नाही आलं. माझ्यानं नाही होत आता. अख्खं तळं कोणी एकटं पुसून काढतं काय हो?" एवढं बोलून ती रडायला लागली. तिला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा माझी नजर तिच्या पायांकडे गेली. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, कातडी पांढरी पडून सोललेली, टाचा सुजलेल्या. फार दिवस पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाचे असतात तसे पाय. त्या पायांनी ती माझ्यासमोर वावरत होती, हसत होती, आणि मी तिच्या उत्तरांवर चिडत होते.

दादाही तिच्या पायांकडेच बघत होता. मग साहेबानं हळूच विचारलं, "तो बाबूजी, यहीं से नापें?"

"नापिए," दादा म्हणाला. तो जाऊन वहिनीच्या बाजूला उभा राहिला. दोघंही पाण्यात.

साहेबानं बूट काढले, पाणी ओलांडून तो उंबऱ्यापाशी आला आणि टेपचं एक टोक त्यानं स्वतः पाट्यावर धरलं. त्याचा माणूस दुसरं टोक घेऊन पुढच्या खोलीतून निघाला. आम्ही बायका भिंतीला चिकटून त्याला वाट देत गेलो. तो चौरंगावरून टेप नेत पुढच्या दारातून अंगणात गेला, फाटकातून सडकेवर गेला, सडक ओलांडून पलीकडे गेला. गौरीचं ताट काकूंच्या हातात होतं. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. तो माणूस त्यांच्या घराच्या फाटकाशी पोचला आणि वळून त्यानं हात वर केला.

"और आगे," साहेबानं आतून आवाज दिला.